तिसऱ्या नळीतली गुठळी

रक्तगट आम्ही दोन बाजूंनी तपासतो. आधी माणसाच्या तांबड्या पेशी घ्यायच्या, त्यांत अँटी-ए आणि अँटी-बी, म्हणजे पेशीवरचं ए आणि बी ओळखून धरणारी द्रावणं, घालायची आणि गुठळी होते का ते बघायचं. मग उलट बाजू. त्याच माणसाचं सिरम, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेलं पाणी, तीन नळ्यांत घ्यायचं आणि त्यांत आपल्याकडच्या ठाऊक गटाच्या पेशी सोडायच्या, पहिल्या नळीत ए, दुसरीत बी, तिसरीत ओ. ही तिसरी नळी दिवसचे दिवस काहीच सांगत नाही. ओ गटाच्या पेशींवर ना ए असतं ना बी, त्यामुळे त्यांच्या वाटेला जाईल असं सिरममध्ये सहसा काही नसतंच. म्हणून घाईच्या ठिकाणी ती लावायचीच सोडून देतात. काही ठिकाणी तर उलट बाजू तपासतच नाहीत. काचपट्टीवर थेंब घेतले, गुठळी बघितली, कार्ड लिहून मोकळे.

पण कधीतरी एखाद्या माणसाच्या पेशी सांगतात, मी ओ. आणि त्याच माणसाचं सिरम तिसऱ्या नळीतल्या ओ पेशींना असं आवळून धरतं, की नळी कितीही हलवली तरी गुठळी सुटत नाही. मग कुपीतलं अँटी-एच काढायचं, म्हणजे पेशीवरचा ‘एच’ ओळखणारं द्रावण; हा एच काय ते पुढे सांगते. युरोपात गोर्स नावाचं पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप असतं, त्याच्या बियांपासून ते करतात. खऱ्या ओ गटाच्या पेशी त्यात लगेच गोळा होतात. या माणसाच्या होत नाहीत. हा माणूस ओ नाही. हा ‘बॉम्बे’ रक्तगटाचा.

सातारा जिल्ह्यात रक्तपेढीतली तंत्रज्ञ म्हणून मी बरीच वर्षं काम करते आहे. तरी ती गुठळी दिसली की हात आपोआप सावकाश चालायला लागतात. कारण समोर बसलेल्या माणसाला काहीही झालेलं नसतं. तो जेवतो, शेतात राबतो, गाडी चालवतो, त्याचं रक्त ऑक्सिजन वाहायचं काम कुणाच्याही रक्ताइतकंच चोख करतं. आजार नाही, औषध नाही. फक्त एवढंच, की त्याला कधी रक्त लागलं तर जगातल्या जवळपास सगळ्या माणसांचं रक्त त्याच्यासाठी विष आहे. आणि हे त्याला आत्तापर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

या गटाचा शोध आपल्याच मुंबईतला. १९५२ साली परळच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात काम करणाऱ्या डॉ. वाय. एम. भेंडे यांच्यापुढे असे रुग्ण आले, की ज्यांचा गटच लागेना. एक रेल्वे अपघातात जखमी झालेला, एक भोसकल्याच्या जखमेचा. पेशी ओसारख्या वागत होत्या, पण ओ गटाचं रक्त लावून बघितलं की जुळत नव्हतं. रक्तस्राव झालेला माणूस खाटेवर, आणि इकडे एकामागून एक दात्याच्या रक्ताशी क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचं सिरम आणि दात्याच्या पेशी एकत्र करून बघणं, आणि प्रत्येक वेळी गुठळी. त्या खोलीतली घालमेल मला नीट कळते. आज निदान आमच्या हातात अँटी-एचची कुपी आहे, मागे सत्तर वर्षांचं ज्ञान आहे. त्यांच्याकडे यातलं काही नव्हतं. पाठ्यपुस्तकात असा माणूसच नव्हता.

भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया या मंडळींनी तो गुंता तसाच गुंडाळून ठेवला नाही. लंडनमध्ये रक्तगटांवर काम करणारे आर. आर. रेस आणि रूथ सँगर, आणि लिस्टर संस्थेतले रसायनतज्ज्ञ वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांच्याबरोबर त्यांनी ते काम तडीस नेलं, आणि त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. भाटिया पुढे मुंबईतल्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेचे संचालक झाले. आपल्याकडे शास्त्रीय कर्तबगारीची उदाहरणं शोधताना लोक फार लांब जातात. परळच्या रक्तपेढीतल्या या कामाची आठवण मात्र शाळेच्या कुठल्या भिंतीवर मला दिसत नाही, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर हा एच म्हणजे काय? तांबड्या पेशीच्या अंगावर साखरेच्या छोट्या छोट्या साखळ्या असतात. त्या साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची एक साखर जोडली की एच तयार होतो. एच हे जोतं. त्यावर ए गटाची माणसं एक खोली बांधतात, बी गटाची दुसरी, एबीची दोन्ही. ओ गटाची माणसं काहीच बांधत नाहीत, त्यांचं नुसतं जोतं राहतं. बॉम्बे गटाच्या माणसाला जोतंच नाही. ते घालणारं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतं, फ्यूट-१ नावाचं. ते आईकडून आणि वडिलांकडून दोन्हीकडून बिघडलेलं आलं, तरच असा माणूस जन्मतो. आणि ए किंवा बी बांधणारं जनुक अगदी वेगळीकडे, नवव्या गुणसूत्रावर. म्हणजे त्याच्याकडे बी बांधायची सगळी तयारी असू शकते, पण बांधायचं कशावर? ज्याच्या स्वतःच्या पेशीवर एच नाही, त्याचं शरीर एचला परका समजतं आणि जन्मानंतर लवकरच त्याविरुद्ध अँटी-एच तयार करून ठेवतं. ते अँटी-एच शरीराच्या तापमानाला पुरेपूर काम करतं. अशा माणसाला ओची पिशवी चढली, तर चढलेल्या पेशी रक्तवाहिनीतच फुटतात, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, माणूस जाऊ शकतो. आणि ओ निगेटिव्ह म्हणजे ‘कुणालाही चालणारं’ अशी आपली पक्की समजूत!

नियमाप्रमाणे पूर्ण क्रॉसमॅच केलं, तर हा धोका पिशवी देण्याआधी पकडला जातोच. घात होतो तो मध्यरात्री, रक्त वाहतंय, वेळ नाही, क्रॉसमॅच न करता ओ द्या, अशा वेळी. म्हणूनच ती तिसरी नळी आधी लावायची असते, माणूस धडधाकट असताना. तिला लागणाऱ्या ओ पेशी प्रत्येक रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये असतातच. एक थेंब आणि दोन मिनिटं. एवढ्यासाठी ती गाळणाऱ्यांशी मी आजवर पुष्कळ भांडले आहे आणि पुढेही भांडणार आहे.

एच नसल्याने माणसाचं काही बिघडत नाही, असं मी वर म्हटलं. ते खरंच आहे. पण याच रक्तगटाचा एक फार दुःखाचा शेजारी आहे, त्याचा उल्लेख न करता पुढे जाववत नाही. १९९२ साली इस्रायलमधल्या डॉक्टरांनी दोन मुलांचं वर्णन केलं. दोघांचा रक्तगट बॉम्बे. पण त्यांना सारखा जंतुसंसर्ग व्हायचा, वाढ खुंटलेली, बुद्धीची वाढही मागे पडलेली. त्यांच्यात बिघाड होता तो आणखी मुळात. त्यांच्या पेशींना फ्यूकोज ही साखर वापरताच येत नव्हती. ती नसली की नुसता रक्तगटच जातो असं नाही. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडायला तीच साखर लागते. रक्तात पांढऱ्या पेशी उदंड, पण जखमेपर्यंत एकही पोचत नाही. अशी मुलं साऱ्या जगात बोटांवर मोजण्याइतकी. पुढे जर्मनीतल्या डॉक्टरांनी अशाच एका मुलाला तोंडावाटे फ्यूकोज देऊन पाहिलं आणि त्याचे जंतुसंसर्ग आटोक्यात आले. एक साधी साखर, नेमकी ओळखून दिली म्हणून. आमच्याकडच्या बॉम्बे गटाच्या माणसांना हा आजार नसतो. त्यांना फ्यूकोज आहे, फक्त तांबड्या पेशीवर ती जोडणारा हात नाही. हे मी प्रत्येक नव्या माणसाला आवर्जून सांगते, कारण घरी जाऊन मोबाइलवर शोधलं की दोन्ही गोष्टी एकत्रच समोर येतात आणि आईबाप रात्रभर जागतात.

घरात या गटाचं पहिलं पाऊल पडतं ते बहुधा दोन वाटांनी. एक म्हणजे बाळंतपण. पोरीच्या कार्डावर ओ पॉझिटिव्ह, आधीची तपासणीही ओ पॉझिटिव्ह, आणि सिझर ठरल्यावर रक्त मागवलं तर एकही पिशवी जुळेना. अशा बाईच्या पोटातल्या बाळाला सहसा धोका नसतो. तिच्या अंगातलं अँटी-एच मुख्यतः ज्या प्रकारचं असतं, ते वार ओलांडून जात नाही. पण रक्तस्राव झाला तर तिलाच द्यायला काही नसतं. नातेवाईक म्हणतात, आम्ही वीस पोरं आणतो गावातनं, हवं तेवढं रक्त घ्या. ट्रॅक्टर भरून माणसं येतात, खरंच येतात. त्या वीसजणांना परत पाठवणं हे या कामातलं मला सगळ्यात जड जाणारं काम आहे. बाही वर करून उभी असलेली ती पोरं, आणि त्यांचं रक्त त्यांच्या वहिनीला चालत नाही.

दुसरी वाट जास्त अंधारी. बापाचं कार्ड ओ, आईचं कार्ड ओ, आणि शाळेच्या तपासणीत मुलगा निघतो बी. कुणीतरी शहाणा नातलग हिशेब मांडतो, ओ आणि ओचं मूल ओच होतं. घरात एक शब्द कुणी मोठ्याने बोलत नाही, पण जेवताना ताट सरकवण्याची रीत बदलते. खरं कारण असं असू शकतं, की त्या दोघांपैकी एकजण ओ नाहीच, बॉम्बे आहे. त्याच्यात बीचं जनुक होतं, पण जोत्याअभावी दिसत नव्हतं. मुलाला जोडीदाराकडून चांगलं एच मिळालं आणि बी उघड झाला. १९५५ साली फिलिप लेव्हिन यांनी अमेरिकेत हेच दाखवलं होतं, एका इटालियन वंशाच्या बाईच्या घरात. तिच्यात बी दबलेला होता आणि पुढच्या पिढीत तो वर आला. त्यांनीच या प्रकाराला ‘बॉम्बे’ म्हटलं आणि तेच जगभर रूढ झालं. म्हणजे हे आपल्याला ठाऊक होऊन पिढ्या लोटल्या. तरीही रक्तगटाच्या कार्डावरून बाईच्या चारित्र्याचा निवाडा करणारी घरं अजून आहेत. ज्या दिवशी असं एखादं जोडपं आमच्याकडे येतं आणि मी पूर्ण तपासणी करून नवऱ्याला सांगते, ‘दादा, वेगळं रक्त तुमचं आहे, ताईंचं नाही’, त्या दिवशी मला माझ्या नोकरीचा अर्थ कळतो. त्या बाईच्या चेहऱ्यावर आनंद नसतो, हेही मी पाहिलं आहे. इतके महिने कुणी विश्वास ठेवला नाही, तो हिशेब माझ्या रिपोर्टने फिटत नाही.

आकडे बघितले तर भारतात सुमारे दहा हजारांत एक. मुंबईत भाटिया आणि साठे यांनी १९७४ साली ७,६०० मध्ये एक असं प्रमाण छापलं होतं. युरोपात दहा लाखांत एक. आपल्या नोंदींत महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र इकडची माणसं जास्त दिसतात. दहा हजारांत एक धरलं, तर २०११ च्या जनगणनेप्रमाणे ३० लाखांच्या आमच्या सातारा जिल्ह्यात अशी तीनशेच्या आसपास माणसं हवीत. आमच्या वहीत त्याच्या जवळपासही नाहीत. बाकीची आपापल्या गावी ‘ओ पॉझिटिव्ह’ म्हणून सुखाने जगत आहेत. त्यांतली काही रक्तदान शिबिरात रांगेत उभी राहिली असतील. काहींच्या गाडीवर मागे मोठ्या अक्षरांत ओ पॉझिटिव्ह रंगवलेलंही असेल.

त्याच हिशेबाने पुढे गेलं, तर बिघडलेलं एक जनुक बाळगणारी माणसं साधारण पन्नासात एक निघतात. म्हणजे जनुक दुर्मीळ नाही. एका एसटीत एखादा सहज असतो. असं जनुक बाळगणारी दोघं नवरा-बायको होणं तेवढं दुर्मीळ, आणि नात्यात लग्नं होतात तिथे ते कमी दुर्मीळ. आपल्याकडे आत्याच्या घरी मुलगी देणं, मामाची मुलगी करणं या चालीरीती बऱ्याच समाजांत जुन्या आहेत. हे मी दोष म्हणून सांगत नाही. पण हे कळलं की पुढचं पाऊल सोपं होतं. ज्याचा गट बॉम्बे निघाला, त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाचा गट तोच असण्याची शक्यता चारात एक. दहा हजारांत एक कुठे आणि चारात एक कुठे! म्हणून आमच्याकडे नवा माणूस सापडला की मी आधी विचारते, भाऊ किती, बहिणी किती, कुठे दिल्यात.

हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरही हा गट सापडला. तिथे ऊसमळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्या भारतीयांच्या वंशजांत नेमका तोच बिघाड आहे, जो इथल्या माणसांत आहे. जनुकातलं एकच अक्षर बदललेलं. जहाजातून गेलेल्या त्या माणसांची भाषा विरळ झाली, नावं बदलली, हे अक्षर मात्र तसंच राहिलं.

आता त्या माणसांच्या जगण्याकडे येते, कारण विज्ञान वाचून कळतं, हे कळत नाही. बॉम्बे गटाचा माणूस आयुष्यात एखाद्याच वेळी रुग्ण होतो, बहुतेकदा कधीच नाही. पण एकदा यादीत नाव गेलं की दाता म्हणून तो कायमचा बांधला जातो. पुरुषाला नव्वद दिवसांनी, बाईला एकशेवीस दिवसांनी रक्त देता येतं, आणि या मोजणीवर त्यांचं वर्ष चालतं. मुलीच्या लग्नाच्या आधी देऊ का नंतर? हैदराबादला एक बाई अडली आहे, पण इथे आपल्या जिल्ह्यातल्या एका पोरीची तारीख पुढच्या महिन्यात आहे, तिच्यासाठी राखून ठेवू का? हा निर्णय एका सामान्य माणसावर टाकणं फार क्रूर आहे, आणि आपण तो रोज टाकतो. २०२४ च्या मे महिन्यात शिर्डीचा एक माणूस गाडी काढून चारशे किलोमीटरहून अधिक अंतर कापत इंदूरला एका अनोळखी बाईसाठी रक्त द्यायला गेला. बातम्यांत त्याचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. २०१७ साली कोलंबियातल्या एका लहानग्या मुलीसाठी देशात दाता मिळाला नाही, तेव्हा ब्राझीलहून रक्त गेलं. अशा गोष्टी वाचून डोळे भरतात. पण मला दर वेळी हेही वाटतं, की यादी नीट असती, गोठवलेलं रक्त जवळ असतं, तर एका माणसाला एवढ्या लांब का जावं लागलं असतं?

रक्त साध्या फ्रीजमध्ये पस्तीस-बेचाळीस दिवस टिकतं. ग्लिसरॉल घालून उणे ऐंशीला गोठवलं तर दहा वर्षं. जगातल्या मोठ्या केंद्रांमध्ये दुर्मीळ गट असेच सांभाळले जातात, आणि देशादेशांतल्या दुर्मीळ दात्यांची आंतरराष्ट्रीय यादी १९६५ पासून आहे, आता ती इंग्लंडमधल्या ब्रिस्टलहून चालवली जाते. आपल्याकडे ही सोय मोजक्या जागी आहे. बाकी सगळीकडे आपला साठा म्हणजे माणसं. चालती बोलती, कामाला जाणारी, कधी ताप आलेली, कधी हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली गेलेली.

आणि त्यात ते मेसेज. ‘तातडीने बॉम्बे ब्लड ग्रुप हवा, कृपया पुढे पाठवा.’ त्या मेसेजमधला रुग्ण कधीच बरा होऊन घरी गेलेला असतो, किंवा कधीच गेलेला असतो, पण मेसेज फिरतच राहतो. त्यात दात्याचा नंबर असला तर त्याचं बघायलाच नको. आमच्या यादीतल्या एका तरुणाने शेवटी नंबर बदलला. नवा नंबर फक्त आम्हाला दिला आणि म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही बोलावलं तर रात्री दोनला येतो. पण मला माणूस म्हणून बोलवा, पिशवी म्हणून नको.’ त्या दिवसापासून यादीतला नंबर आम्ही कोणत्याही नातेवाइकाच्या हातात देत नाही, कितीही रडला तरी. आम्ही स्वतः फोन करतो, आणि नाही म्हणण्याचा त्याचा हक्क राखून करतो.

लग्नाच्या बाजारात तर याहून वाईट. मुलीचा गट बॉम्बे असला की आईबाप कार्ड लपवतात. सोयरीक मोडेल ही भीती. मुलीला खोट आहे म्हणतील. मी त्यांना बसवून सांगते, खोट काही नाही, मुलं होतील, चांगली होतील, फक्त सासरच्या डॉक्टरांना पहिल्या दिवशी सांगा. गरोदरपणात लोहाच्या गोळ्या नीट घेतल्या, रक्त वाढवलं, बाळंतपण मोठ्या ठिकाणी ठरवलं, जमल्यास दाता आधीच सांगून ठेवला, तर बहुतेकींना रक्त लागतच नाही. लपवलं तर मात्र ऑपरेशनच्या टेबलावर कळतं. काही आईबाप ऐकतात. काही मान हलवतात आणि कार्ड पुन्हा कपाटात ठेवतात. तेव्हा मी त्या मुलीशी वेगळं बोलते. तिच्या पाकिटात एक कार्ड, मोबाइलमध्ये एक फोटो, आणि आमचा नंबर पाठ.

अलीकडेच पाटणकडच्या एका शेतकऱ्याचा गट हर्नियाच्या ऑपरेशनआधी आमच्याकडे बॉम्बे निघाला. मी नेहमीप्रमाणे भावंडं बोलावली. दोघे भाऊ ओ निघाले, खरे ओ. थोरली बहीण शेवटी आली, पन्नाशीची, कोरेगावात दिलेली, डोक्यावरून पदर, हातात भाजीची पिशवी. तिची तिसरी नळी घट्ट झाली. मी तिला सगळं समजावून सांगितलं, जोत्यापासून. ती मध्ये एकदाही बोलली नाही. मग विचारलं, ‘म्हंजे भावाला लागलं तर माजंच चालंल?’

‘हो, पण आत्ता नाही. तुमचं हिमोग्लोबिन दहा आहे. साडेबारा लागतं.’

‘किती दिवसांत हुतंय?’

मी तीन महिने गोळ्या घ्यायला सांगितल्या, चहाबरोबर घ्यायच्या नाहीत हेही सांगितलं. तिने गोळ्यांचं पाकीट पदराच्या गाठीत बांधलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या मुलाला हाक मारली. ‘ए, हिकडं ये. ह्या मॅडमचा नंबर घे. ह्यांचा फोन आला का मला गाडीवर घालून आनायचं, रात असू दे न्हाईतर दिवस. आनि तुजं बी रगात तपासून घे, आलाईस तर.’ मुलगा म्हणाला, मला कामावर जायचंय. तिने त्याला दंडाला धरून आत आणलं आणि खुर्चीवर बसवलं.